लॉकर ठरला, आता बेअरिंगचं बघू

एक चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबकळतंय, दुसरं दगडावर घट्ट टेकलंय. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि हवेतलं चाक भिंगरीसारखं फिरतं; दगडावरचं मात्र ढिम्म. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असूनही पुढच्या एक्सलचा उपयोग शून्य. यावर उपाय लॉकर, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकमेकांशी जखडणारा भाग, हे बहुतेकांना माहीत असतं. कोणत्या कंपनीचा घ्यावा, हवेवर चालणारा की विजेवर, यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात. मग एक दिवस खोकं येतं, एक्सल उघडला जातो आणि तेव्हा कळतं की खरी यादी अजून करायचीच आहे. दोन बेअरिंगं, मूठभर शिमच्या पातळ चकत्या, आतली सीलं, क्राऊन या मोठ्या गिअरचे बोल्ट, शाफ्टचे जॉइंट. गाडी स्टँडवर चढवलेली आणि एका सीलपायी काम आठवडाभर अडकलेलं, ही या उद्योगातली नेहमीची गत.

म्हणून लॉकर कोणता हा प्रश्न इथे थोडक्यात उरकतो आणि त्याच्या भोवतीच्या भागांकडे वळतो.

लॉकर बसला की काय बदलतं

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, पण गोम यातच आहे. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही, म्हणून दगडावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी, त्यासाठी दोन चाकांमध्ये ही मोकळीक लागते. लॉकर ती मोकळीक काढून घेतो. दोन्ही शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात आणि टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. वेळ पडली तर सगळाच्या सगळा.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. साधं डिफरन्शियल नकळत फ्यूजचं काम करत असतं. ताण वाढला की एखादं चाक घसरतं आणि सगळं सुटतं. लॉकर लागला की ही पळवाट बंद. एका बाजूच्या शाफ्टवर पूर्वी फार तर निम्मा टॉर्क यायचा, आता पूर्ण येऊ शकतो, म्हणजे दुप्पट. वर लो रेंजचा गिअर आणि मोठे टायर असले तर बघायलाच नको. त्यामुळे कोणताही भाग निवडताना मी एवढंच विचारतो: हा ताण आता कुठून कुठे जाणार, आणि त्याच्या वाटेतला सगळ्यात नाजूक तुकडा कोणता?

आधी लॉकरची जात

बेअरिंगच्या दृष्टीने लॉकर दोनच प्रकारचे. पहिला मूळ कॅरिअरच्या, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर धरणाऱ्या फिरत्या घराच्या, पोटात बसतो. म्हणजे आतले चार लहान गिअर काढून त्यांच्या जागी दातेरी चकत्यांचा संच घालायचा. याला सगळीकडे ‘लंचबॉक्स’ लॉकर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मूळ कॅरिअरच निघतो आणि लॉकर स्वतःचा पूर्ण कॅरिअर घेऊन येतो. एआरबीचा एअर लॉकर, ईटनचा विजेवर चालणारा ई-लॉकर आणि डेट्रॉइट लॉकर हे सगळे या दुसऱ्या घरातले.

पुढच्या एक्सलसाठी माझं मत स्पष्ट आहे: हवं तेव्हा चालू आणि हवं तेव्हा बंद करता येणारा लॉकर घ्या. पुढची चाकं वळतात. आपोआप जखडणारा लॉकर टॉर्क असताना स्टिअरिंग जड करतो, आणि निसरड्या उतारावर गाडी वळायच्या ऐवजी नाकासमोर सरळ जाते. पुढे हाताने सोडता येणारे फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सुटं करणारे) असतील तर रस्त्यावर हब सोडून देता येतात आणि आपोआप जखडणारा लंचबॉक्सही चालून जातो. चारही चाकं कायम जोडलेली राहणाऱ्या गाडीत मात्र आपोआप जखडणारा लॉकर पुढे घालणं म्हणजे रोजच्या वळणावळणावर भांडण विकत घेणं.

दोन्ही प्रकारांत खरेदीची यादी वेगळी होते. लंचबॉक्समध्ये क्राऊन, कॅरिअर, बेअरिंग, शिम सगळं होतं तिथेच राहतं. दातांची जुळणी नव्याने लावावी लागत नाही. पण त्याच्या चकत्यांमधली फट ठरलेल्या मर्यादेतच यावी लागते. ती मोठी आली तर बहुतेक वेळा दोष साइड गिअरच्या मागच्या झिजलेल्या थ्रस्ट वॉशरचा असतो. म्हणून लंचबॉक्स घेताना नवे थ्रस्ट वॉशर सोबत घ्यावेत. मूळ कॅरिअरलाच तडा असेल किंवा साइड गिअरने आतून घर खाल्लं असेल, तर लंचबॉक्सचा विचार सोडा. जुन्या भिंतीला नवं दार लावल्यासारखं होईल.

पूर्ण कॅरिअर घेताना दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर बाकी सगळं फुकट. पहिली स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे दाते. डाना कंपनीच्या डाना ३० या पुढच्या एक्सलच्या आतल्या शाफ्टला सहसा २७ स्प्लाइन असतात, डाना ४४ ला बहुधा ३०. लॉकर शाफ्टच्या स्प्लाइनचाच लागतो. पुढेमागे जाड शाफ्ट घालायचे मनात असेल तर तो निर्णय लॉकर घेण्याआधी करा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट गिअर रेशो. रेशोचा आकडा वाढला की पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारं छोटं गिअर, आणखी लहान होतं आणि क्राऊनला त्याच्या जवळ यावं लागतं. काही एक्सलमध्ये त्यासाठी कॅरिअरच दोन मापांचे बनतात. डाना ३० मध्ये ३.५४ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.७३ पासून वर दुसरा. डाना ४४ मध्ये ही सीमा ३.७३ आणि ३.९२ च्या मधे आहे. चुकीचा कॅरिअर आला तर क्राऊन पिनियनपर्यंत पोचतच नाही किंवा त्यावर चढतो. कितीही शिम घातल्या तरी हे सुधारत नाही. आणि रेशो गाडीच्या कागदांवरून ठरवू नका. आधीच्या मालकाने क्राऊन-पिनियन बदललेलं असू शकतं. क्राऊनचे दात मोजा, पिनियनचे मोजा, भागाकार करा. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३.

बेअरिंग: नाव विचारू नका, नंबर विचारा

कॅरिअर दोन्ही टोकांना टेपर रोलर बेअरिंगवर फिरतो. ‘टेपर’ म्हणजे यातले रोलर निमुळते, शंकूसारखे. १८९८ मध्ये हेन्री टिमकेन यांनी याचं पेटंट घेतलं तेव्हा त्यांच्यासमोर घोडागाडीच्या चाकांचा प्रश्न होता: चाकावर वरून वजन येतं आणि वळताना आडवा धक्काही येतो, दोन्ही एकाच बेअरिंगने कसं पेलायचं? डिफरन्शियलमध्ये नेमकी हीच अडचण आहे. पिनियन क्राऊनला फिरवतं तेव्हा त्याला बाजूलाही रेटतं. साधं बॉल बेअरिंग हा आडवा रेटा फार काळ सोसत नाही. निमुळता रोलर सोसतो.

या बेअरिंगचे दोन सुटे भाग असतात. रोलर आणि आतली कडी मिळून ‘कोन’, तो कॅरिअरच्या गळ्यावर प्रेसने बसतो. बाहेरची कडी म्हणजे ‘कप’, तो हाऊसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या घरात, बसतो. खोक्यावर दोन वेगळे नंबर असतात आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो.

इंची मापाच्या बेअरिंगचा नंबर कसा वाचायचा ते एकदा समजलं की दुकानातली निम्मी अनिश्चितता जाते. उदाहरणादाखल एक जोडी घ्या, एलएम ५०१३४९ आणि एलएम ५०१३१०. सुरुवातीचं ‘एलएम’ म्हणजे हलक्या आणि मध्यम भाराच्या मधला वर्ग. मधले ५०१३ हे दोघांचं कुळ, ते जुळलं तरच दोघं एकमेकांचे. शेवटचे दोन अंक कोण कोणता ते सांगतात: ४९ पासून खाली उतरत जाणारे कोन, १० पासून वर चढत जाणारे कप. या कोनचं आतलं माप ४१.२७५ मि.मी., कपचं बाहेरचं माप ७३.४३१ मि.मी. दुसरी जोडी एलएम ६०३०४९ आणि एलएम ६०३०११ अशी. आतलं माप ४५.२४२ मि.मी., बाहेरचं ७७.७८८. दोन्ही बेअरिंगं हातात धरली तर सख्खी भावंडं वाटतात. फरक चार-पाच मि.मी.चा, आणि तेवढा पुरतो.

मेट्रिक नंबरची रीत वेगळी. ३२००८ मध्ये शेवटच्या ०८ ला पाचाने गुणा, आतलं माप ४० मि.मी. ३०२०८ चंही आतलं माप ४० च. पण पहिल्याचं बाहेरचं माप ६८ मि.मी. आणि दुसऱ्याचं ८०. ‘चाळीसचं टेपर बेअरिंग द्या’ म्हणून भागत नाही, ते यासाठी.

म्हणून गाडीचं नाव सांगून बेअरिंग मागू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक एक्सल बदललेला असतो. जुनं बेअरिंग काढलं की चिंधीने पुसून कोन आणि कप दोन्हींवरचा नंबर टिपा, मग व्हर्निअरने माप घ्या, आणि मगच मागणी नोंदवा. खुंटा हलवून बळकट करणं म्हणतात ते हेच. त्यात लॉकरची पुस्तिकाही जोडीला घ्या, कारण लॉकरच्या गळ्याचं माप मूळ कॅरिअरसारखंच असेल याची खात्री नसते. हवेवर चालणाऱ्या लॉकरमध्ये एका बाजूच्या गळ्यावर हवा आत नेणारी सीलची कडी बसवलेली असते. काही मॉडेलमध्ये त्या जागेपायी मूळ बेअरिंग चालत नाही आणि वेगळा नंबर लागतो. तो पुस्तिकेत छापलेला असतो. खोकं उघडल्यावर पहिलं ते पान वाचा.

कंपनीबद्दल विचारलंत तर टिमकेन, कोयो, एनटीएन, एनएसके, एसकेएफ यांतलं कोणतंही खरं असेल तर चांगलं. जोर ‘खरं’ या शब्दावर. बनावट बेअरिंगांचा धंदा मोठा आहे. छपाई पुसट, नंबर वेडावाकडा, तेलाचा कागद नाही, भाव संशय यावा इतका कमी, तर परत द्या. एसकेएफचं खोकं तपासण्यासाठी खुद्द कंपनीचंच अ‍ॅप आहे. कोन एका कंपनीचा आणि कप दुसऱ्याचा असं माप जुळतं म्हणून करू नका. रोलर ज्या पृष्ठभागावर धावतो त्याची बारीक घडण कंपनीगणिक वेगळी असते. नवा कोन जुन्या कपात बसवणं तर मुळीच नको. जुन्या कपावर जुन्या रोलरची वाट पडलेली असते, नवे रोलर त्या वाटेवर नीट चालत नाहीत.

जुनं बेअरिंग चांगलं दिसतंय, मग बदलायचं कशाला? रास्त प्रश्न. पण ते जुन्या कॅरिअरवरून काढताना पुलरची बोटं बहुधा रोलरच्या पिंजऱ्यालाच धरतात आणि पिंजरा वाकतो. पिंजरा वाकलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नसतं. तेव्हा पूर्ण कॅरिअरचा लॉकर घेतलात तर कॅरिअरची दोन नवी बेअरिंगं यादीत धरूनच चाला. लंचबॉक्सच्या बाबतीत मात्र बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखर नाही, कपावर खड्डे नाहीत, पापुद्रे नाहीत, उष्णतेचा निळसर डाग नाही, तर राहू द्या.

जुनं कॅरिअर ठेवणार असाल तर त्याचा गळाही तपासा. नवा कोन त्यावर हाताने सरकून बसला तर समजा पूर्वीचं बेअरिंग गळ्यावर फिरलंय आणि त्याने धातू खाल्लाय. कोन प्रेस लावूनच, किंवा तापवून बसायला हवा. तापवायचं तर ११० अंश सेल्सिअसच्या आसपास, १२० च्या वर नाही. बेअरिंगचं पोलाद त्यापुढे आपला कडकपणा गमवायला लागतं. गॅसच्या ज्योतीने कोन तापवणाऱ्याच्या हातून तो काढून घ्या.

शिम, आणि जुन्या बेअरिंगचा एक उपयोग

नवा कॅरिअर आला की त्याची कड, जिच्यावर क्राऊन बोल्टने बसतं, जुन्या कॅरिअरच्या कडेच्या हुबेहूब जागी नसते. मि.मी.च्या काही शतांशांचा फरक असतो. त्यामुळे दोन गोष्टी नव्याने लावाव्या लागतात.

पहिली बॅकलॅश, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला प्ले, त्यांची मोकळी हालचाल. बहुतेक एक्सलमध्ये तो ०.१३ ते ०.२५ मि.मी. असतो, कागदाच्या एक-दोन पानांएवढा. कमी झाला तर दात तापून खातात, जास्त झाला तर आपटतात. दुसरी प्रीलोड. टेपर बेअरिंग सैल ठेवून चालत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी थोडं दाबून बसवावं लागतं. तरच रोलर पूर्ण लांबीवर टेकतात आणि कॅरिअर ताणाखाली बाजूला सरकत नाही. लॉकर लागल्यावर तो ताण वाढणार, हे वर आलंच आहे.

दोन्ही गोष्टी शिमने ठरतात. शिम म्हणजे पातळ पोलादी चकती, ०.०५ मि.मी.पासून वेगवेगळ्या जाडीत मिळणारी. एकूण जाडी प्रीलोड ठरवते. कोणत्या बाजूला किती, यावर बॅकलॅश ठरतो. एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घातली की प्रीलोड तसाच राहतो आणि क्राऊन सरकतं. क्राऊन जितकं सरकवाल त्याच्या साधारण दोन तृतीयांश बॅकलॅश बदलतो. ०.०७५ मि.मी. हलवलं तर ०.०५ चा फरक. सगळ्याच एक्सलमध्ये शिम नसतात. टोयोटाच्या अनेक एक्सलमध्ये दोन्ही बाजूंना आट्यांचे मोठे नट असतात, ते फिरवून हे सगळं लावता येतं. तुमचा एक्सल तसा असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या आणि स्वतःला भाग्यवान समजा.

काही डाना एक्सलमध्ये शिम बेअरिंगच्या मागे, कॅरिअरच्या गळ्यावर असते. म्हणजे शिम बदलायची तर आधी प्रेसने बसलेलं बेअरिंग उपटायचं, आणि हे पहिल्या फटक्यात कधीच जमत नाही. चार-पाच वेळा काढघाल होतेच. दरवेळी बेअरिंग उपटलं तर नव्याचं वाटोळं होईल. त्यावरची जुनी युक्ती म्हणजे ‘सेटअप बेअरिंग’. त्याच नंबरच्या जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून एवढं मोठं करायचं की ते गळ्यावर हाताने सरकेल. सगळी मापं त्या बेअरिंगवर लावायची आणि शेवटी एकदाच नवं बसवायचं. म्हणून नवं आलं तरी जुनं लगेच भंगारात टाकू नका. लॉकरच्या काही मॉडेलमध्ये शिमची जागाही बदलते, तेव्हा मूळ रचना गृहीत न धरता पुस्तिकेप्रमाणेच जा.

यासाठी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लागतं. ते नसेल तर हे काम घेऊ नका. मिनतवारीने आणलेला लॉकर डोळ्यांच्या अंदाजाने लावला तर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये क्राऊन विव्हळायला लागतं.

आणखी एक. कॅरिअरच्या बेअरिंगवरच्या दोन टोप्या हाऊसिंगसोबत एकत्र कापलेल्या असतात. डावी उजवीकडे किंवा वरची बाजू खाली अशी बसली तर बेअरिंग गोल राहत नाही. काढण्याआधी पंचने खूण करा. हाऊसिंग फाकवायचं साधन वापरलंत तर अर्ध्या मि.मी.च्या पुढे कधीच फाकवू नका. ते परत मिटेलच असं नाही.

पिनियनला हात लावायचा का?

क्राऊन-पिनियन तेच राहणार असेल तर शक्यतो नाही. पिनियनची खोली त्याच्या स्वतःच्या शिमवर ठरते, कॅरिअरशी तिचा संबंध नाही. ‘उघडलंच आहे तर पिनियनची बेअरिंगंही बदलू’ हा मोह होतो. पण ती बदलली की खोली पुन्हा मोजावी लागते, रंग लावून दातांचा ठसा पुन्हा पाहावा लागतो, आणि जमलेला संसार विनाकारण मोडतो. पिनियन हाताने फिरवा. गुळगुळीत आणि किंचित जड फिरतंय, आतबाहेर हलत नाही, तर पुढे चला.

बदलायचंच ठरलं तर सोबत तीन गोष्टी नव्या लागतात: नट, सील आणि क्रश स्लीव्ह. क्रश स्लीव्ह ही दोन बेअरिंगांमधली मुद्दाम चुरगळणारी नळी. ती एकदाच चुरगळायची असते, पुन्हा वापरायची नसते. चुरगळायला जोरही बराच लागतो. डाना ३० मध्ये पिनियनच्या नटला २७० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क लागतो. आणि लक्ष्य मात्र अगदी नाजूक: नव्या बेअरिंगांसह पिनियन फिरवायला १.५ ते ४ न्यूटन-मीटर, जुन्यांसह १ ते २. थोडं जास्त आवळलं गेलं तर नट सैल करून भागत नाही, नवी स्लीव्ह घालून पहिल्यापासून. दोन स्लीव्ह आणून ठेवा.

सील: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महागात पडणारं

मागच्या एक्सलवर काम केलेला माणूस पुढच्या एक्सलमध्ये नेमका इथे फसतो. मागे शाफ्टचं सील चाकाच्या बाजूला असतं, हवं तेव्हा बदलता येतं. पुढच्या अनेक डाना एक्सलमध्ये ते आत असतं, कॅरिअरच्या बेअरिंगच्या अगदी पलीकडे, नळीच्या तोंडाशी. कॅरिअर बाहेर असतानाच तिथे हात पोचतो. मी एकदा ‘बरी आहेत की’ म्हणून ती तशीच ठेवली. महिनाभरात नळीच्या टोकातून तेल ठिबकायला लागलं आणि लावलेली मापं, बसवलेला कॅरिअर, सगळं पुन्हा बाहेर काढावं लागलं. दोन रबरी कड्यांसाठी. तेव्हापासून मी ती आधी आणतो, लॉकर नंतर. शाफ्ट आत घालतानाही स्प्लाइनचे दाते सीलच्या ओठावर घासू देऊ नका. शाफ्टचं वजन हातावर तोलून सरळ ढकला.

हवेच्या लॉकरमध्ये सील म्हणजे आणखी एक मामला. गळ्यावरच्या कडीत दोन ओ-रिंग असतात, त्यांच्या मधून हवा फिरत्या कॅरिअरमध्ये जाते. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत कापल्या जातात, म्हणून तेल लावून बसवायच्या. जादा ओ-रिंगचा जोड घरात असू द्या. हवेची नळी आत नेण्यासाठी हाऊसिंगला भोक पाडून आटे पाडावे लागतात. हे काम कॅरिअर आत जाण्याआधी करायचं, नाहीतर लोखंडाचा कीस थेट नव्या बेअरिंगच्या पोटात. भोकाची जागा तेलाच्या पातळीच्या वर आणि सस्पेन्शनच्या हालचालीपासून दूर निवडा.

कॅरिअरच्या बाहेर

आता त्या दुप्पट टॉर्ककडे परत येऊ. कॅरिअर आणि बेअरिंगमधून निघालेला ताण शाफ्टमधून जॉइंटपर्यंत येतो, आणि पुढच्या एक्सलमध्ये तुटतो तो बहुधा इथेच. क्रॉस असलेल्या साध्या युनिव्हर्सल जॉइंटची खोड अशी की तो वाकला की पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. ३० अंश वाकवला तर प्रत्येक फेरीत त्याचा वेग सुमारे १५ टक्के वर आणि १३ टक्के खाली जातो. लॉकर चालू, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, चाक दगडात अडकलेलं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर: शाफ्टचे कान फाकतात, क्रॉसची टोपी बाहेर सरकते, आणि ‘टक्‌’ असा एक आवाज येतो, जो ऐकणारा विसरत नाही.

म्हणून शाफ्ट बाहेर आलेच आहेत तर क्रॉस बदला. ग्रीस भरायच्या निप्पलचे आणि बिननिप्पलचे असे दोन प्रकार मिळतात. निप्पलच्या क्रॉसला आतून भोक पाडलेलं असतं, म्हणून तो किंचित नाजूक. कडक वापरासाठी मी बिननिप्पलचा, भरीव क्रॉस घेतो, जसा डाना ३० च्या मापात स्पायसरचा ५-७६० एक्स. टोप्या धरायला अर्ध्या गोलाऐवजी पूर्ण गोल क्लिप बसत असतील तर त्या घाला. कान फाकले तरी टोपी लवकर निसटत नाही. शाफ्टच्या कानांची भोकं लांबट झालेली दिसली तर नवा क्रॉसही तिथे फार टिकणार नाही.

टोयोटा लँड क्रूझरसारख्या एक्सलमध्ये क्रॉस नसतो, गोळ्यांचा सीव्ही जॉइंट असतो. त्याला बरफील्ड म्हणतात. तो वाकला तरी वेग एकसारखा देतो, पण पूर्ण वळवलेल्या स्थितीत त्याचीही ताकद घटते. तिथे शाफ्ट काढायचा म्हणजे नकल, म्हणजे चाकासोबत वळणारा एक्सलच्या टोकाचा भाग, उघडावाच लागतो. त्यामुळे नकलचा पूर्ण संच, म्हणजे वर-खालची ट्रनिअन बेअरिंगं, नमद्याची सीलं आणि आतलं तेलाचं सील, एकाच वेळी मागवणं शहाणपणाचं. काम तेवढंच, ग्रीसमध्ये माखणंही तेवढंच.

चाकाच्या बेअरिंगवर लॉकरमुळे थेट जादा भार येत नाही. पण शाफ्ट काढताना हब सुटतोच, तेव्हा तपासून घ्या. सीलबंद युनिट बेअरिंग असेल तर त्यात लावण्यासारखं काही नसतं, प्ले आला की पूर्ण बदलायचं. शाफ्ट काढून ठेवलेला असताना गाडी त्या हबवर उभी करू नका. शाफ्टचा नटच ते बेअरिंग एकत्र धरून ठेवत असतो.

किरकोळ

क्राऊनचे बोल्ट नवे घ्या आणि थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून टॉर्क रेंचने आवळा. काही एक्सलमध्ये या बोल्टना उलटे आटे असतात. सुटत नाही म्हणून लांब पाइप लावण्याआधी बोल्टच्या डोक्यावर बाण किंवा ‘डावा’ अशी खूण आहे का बघा.

तेल जीएल-५ दर्जाचं, ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतली. लिमिटेड स्लिपसाठी मिळणारं घर्षण कमी करणारं औषध लॉकरला लागत नाही, ते घालू नका.

सगळं जुळलं की चाकं जमिनीवर टेकवण्याआधी लॉकर दहा वेळा चालू-बंद करा. चालू असताना एक चाक हाताने फिरवलं की दुसरं त्याच दिशेला फिरलं पाहिजे; बंद असताना प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवला तर उलट दिशेला. हवेचा लॉकर चालू करून तासभर सोडा आणि कंप्रेसर मधेमधे स्वतःहून सुरू होतोय का ते ऐका. होत असेल तर हवा कुठेतरी गळतेय. पहिले काही शे किलोमीटर सौम्य चालवा, मधे थांबून हाऊसिंगला हात लावा. कोमट असावं, हात ठेववत नाही इतकं तापलं तर प्रीलोड जास्त झालाय. मग ते पहिलं तेल काढून टाका आणि चुंबकाच्या बोल्टवर काय जमलंय ते बोटांच्या मधे घासून बघा. राखाडी लेप असेल तर नवे दात एकमेकांना घासून बसतायत, पुसून टाका. कण बोटाला टोचले तर झाकण परत उघडा.